नावांची जागा

"ती आत हाय, फक्त भायेर येवाचा रस्ता तिला गावत नाय."

कमळाकर घरत डॉक्टरांना हे म्हणाले तेव्हा त्यांच्या बायकोला, गोदूबाईंना, झटका येऊन पंधरा दिवस झाले होते. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पडद्यावर मेंदूचं चित्र दाखवलं. डाव्या बाजूला एक मोठा काळा डाग होता. बोलणं इथं असतं, समजणं त्याच्या मागं, हा सगळा भाग गेला, असं ते पेनाच्या टोकानं दाखवत गेले. कमळाकरांनी चष्मा पुसला आणि चित्र पुन्हा पाहिलं.

"ह्यो तिचा मेंदू झाला," ते म्हणाले. "ह्यात ती कुठं हाय?"

डॉक्टरांनी पेन पुन्हा त्या डागावर ठेवलं, मग उचललं. पुढच्या पेशंटचं नाव पुकारून झालं होतं.

पनवेलजवळ करंजाड्याला आमच्या इमारतीत घरतांचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर आहे, माझं त्यांच्या बरोबर खाली. कमळाकर अडुसष्ट वर्षांचे. चाळिशीपर्यंत त्यांनी मिठागरात काम केलं. पुढं मिठागर गेलं, जमीन गेली, आणि शेवटी गावच विमानतळात गेलं. घर होतं तिथं आता धावपट्टी आहे की गाड्या लावायची जागा, हे त्यांना नक्की सांगता येत नाही. गाव पाडलं त्या दिवशी बाकीचे रडत होते तेव्हा ते म्हणाले होते की मानसं हाईत ना, मंग गाव हाय. नंतर माणसंही पांगली, कुणी उलव्याला, कुणी वडघरला, आणि त्या वाक्याचं पुढं काय करायचं ते त्यांना कळेनासं झालं.

गोदूबाई धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो अर्ध्या तासापुरता. बाकीचं लग्न धवलारीण लावते. तांदूळ निवडण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला वेगळा धवला, म्हणजे संथ चालीचं गाणं, आणि प्रत्येक धवल्यात नावांची जागा मोकळी सोडलेली. नवरा, नवरी, त्यांचे आईबाप, मेलेले आजे-पणजे. हळदीच्या सकाळी घरातली सर्वांत वडील बाई धवलारणीच्या हातात विड्याचं पान ठेवते आणि तिच्या कानात नावं सांगते. एकदाच. दुसऱ्यांदा विचारावं लागलं तर धवलारीण कच्ची. शिवाय हळदीच्या दिवसाआधी नवरा-नवरीची नावं एका धवल्यात जोडायची नाहीत, असा त्यांचा नियम. गोदूबाईंनी पस्तीस वर्षांत कुणाला दुसऱ्यांदा विचारलं नाही. लिहून घेण्याचा प्रश्नच नव्हता, त्यांना अक्षरओळख नव्हती.

त्या पस्तीस वर्षांत एक नाव त्यांच्या गाण्यात कधी आलं नाही, ते नवऱ्याचं. स्वतःच्या लग्नात नवरी गात नाही; तेव्हा त्यांची मावशी गायली. मुलाच्या, निकेशच्या लग्नात त्या नवऱ्याची आई म्हणून पाटावर बसल्या आणि धवल्यांना दुसरी बाई बोलावली. एरवीही त्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. "अवो" एवढ्यावर बेचाळीस वर्षं निघाली होती.

झटक्यानंतर "अवो" गेलं. एकच शब्द राहिला, "नाय". भूक लागली की नाय, पोट भरलं की नाय, समोर नातू नाचला की नाय. उजवा हात मांडीवर ठेवला तर मांडीवर राहायचा, घसरला तर खाली लोंबायचा. डोळे उघडे असायचे, पण कशावर ठरायचे नाहीत.

चौथ्या महिन्यात एका दुपारी खालच्या रस्त्यानं कुणाच्या तरी हळदीचा बेंजो, म्हणजे वाजंत्र्यांचा ताफा, वाजत गेला. तो चौकापलीकडे गेला, आवाज संपला, आणि खुर्चीतल्या गोदूबाई गायला लागल्या.

खारीच्या बांधाव उगवला चांद गो
मांडवी बसला विठू नवरा गो
त्याचे उजवे हाती चंद्रावती नवरी गो

शब्द स्वच्छ होते. सून, पूर्वी नावाची, स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली.

"बाबा, आई बोलल्या?"

"बोलली नाय. गायली." कमळाकर पाण्याचा तांब्या तसाच धरून उभे होते. "विठू आनि चंद्रावती, जासईचे. त्यांच्या हलदीला वाऱ्यानं मांडव उरालेला. तिला सगला म्हाईत हाय, पूर्वी. मी सांगत नव्हतो?"

त्या दिवसापासून त्यांची सकाळ ठरली. निकेश जासईजवळच्या कंटेनर यार्डात कामाला आहे, तो सहाला निघायचा. सून एका शाळेच्या ऑफिसात, ती पोराला घेऊन सातला. मग कमळाकर चहा करायचे, अर्धा स्वतः प्यायचे, अर्धा चमच्यानं गोदूबाईंना पाजायचे, आणि स्टुलावर बसून धवल्याची चाल नुसती गुणगुणायचे. गोदूबाई शब्द घ्यायच्या. नावांच्या जागी रोज वेगळं जोडपं यायचं. कधी कुमार आणि रंजिता, कधी आणखी कुणी. कमळाकर डोळे मिटून ऐकायचे आणि ओळखायचे: हे उरणचं लग्न, हे आपल्याच आळीतलं, ह्यातला नवरा आता नाही. मला जिन्यात भेटले की सांगायचे, "आज ती दापोल्याला गेलती." त्यांच्या मते ती फिरत होती. अंगाला हलता येत नव्हतं म्हणून आतल्या आत एकेका मांडवात जाऊन येत होती.

हेतल आठवड्यातून एकदा यायची. झटक्यात वाचा गेलेल्यांना ती बोलायला शिकवते. पनवेलमध्येच वाढलेली गुजराती मुलगी, मराठी आमच्यासारखंच. गाणं ऐकून तिला आनंद झाला, पण कमळाकरांचा चेहरा पाहून ती सावध झाली.

"काका, तुम्हाला वाईट वाटेल असं बोलू?"

"बोल. आता वाईट वाटून वाटून किती वाटेल."

"गाणं आणि बोलणं मेंदूत एकाच जागी नसतं. बोलण्याचा भाग गेला तरी पाठ झालेलं येतं. कुणाला आरती येते, कुणाला शिव्या येतात. पण ते आलं म्हणजे माणसाला कळतंय असं नसतं."

"म्हंजे गातंय कोन?"

"काकीच. पण…"

"पन काय? रेडिओ हाय ती?"

"असं कुठे म्हटलं मी?"

"मंग येक काय ते सांग. रेडिओत मानूस नसतो. हिच्यात हाय का नाय?"

"मला नाही माहीत, काका. कुणालाच नाही माहीत. मन आणि शरीर एक की वेगळं, यावर हजारो वर्षं लोक भांडतायत."

"भांडू दे," कमळाकर म्हणाले. "त्यांना टाइम हाय."

गोदूबाईंची थोरली बहीण दमयंती जासईला दिलेली. ती महिन्यातून एकदा सुकट घेऊन यायची आणि येताना दारातूनच बोलत यायची. "भावजी, बायला गप बसवाला देवालापन येवरी वर्सं लागली. तुमी कनाला परत गाया लावताव?" मग बहिणीसमोर मांडी घालून बसायची, पदरानं तिच्या ओठांची कड पुसायची. "बाय, मी कोन?"

"नाय."

"बराबर. मी कोनीच नाय. मोठी शानी झालीस आजारी परून."

ती हसायची आणि डोळे पुसायची. दमयंतीला हे प्रश्न पडत नसत. बहीण आहे, बसलेली आहे, पुसायला तोंड आहे, इतकं तिला पुरत होतं. निकेशला पुरत नव्हतं, आणि कमळाकरांनाही नव्हतं, हा दोघा बापलेकांत सारखेपणा होता.

अशी दोन वर्षं गेली. ह्या वर्षी दिवाळीनंतर गोदूबाई न्हाणीत पडल्या. त्यांना उचलताना सुनेच्या पाठीत उसण भरली ती महिनाभर निघेना. एका रविवारी हेतल तिचं काम संपवून पिशवी भरत होती तेव्हा निकेशनं विषय काढला. आवाज चढवला नाही. त्यानं हे मनाशी खूपदा म्हणून पाहिलेलं असावं.

"बाबा, पेणच्या रस्त्याला एक केंद्र आहे. नर्स आहे, फिजिओ आहे. आईला तिथं ठेवू. पूर्वीची पाठ गेलीय, मी बारा-बारा तास यार्डात. तुम्ही किती दिवस उचलाल?"

"आनि तिला कललं तर, का आपन तिला टाकली?"

"तेच सांगतोय. नाही कळणार."

"तुला काय म्हाईत?"

"मग तुम्हाला काय माहीत?"

"माजी बायको हाय ती."

"माझी आई आहे, बाबा. आई म्हणजे मला हाक मारणारी, जेवलास का विचारणारी. दोन वर्षांत एकदा तरी माझ्याकडे पाहिलंय? तुम्ही म्हणता आत आहे. आत म्हणजे कुठे? रिपोर्ट मी वाचलाय. तो भागच नाही उरला. आई म्हणजे तोच भाग होता. आता हे आईचं अंग आहे. ते नीट ठेवायचं तर नर्स माझ्यापेक्षा बरं ठेवेल."

सून आत निघून गेली. कमळाकरांनी पाहिलं, गोदूबाईंचा हात पुन्हा घसरून लोंबत होता. तो उचलून त्यांनी मांडीवर ठेवला.

"हेतल," ते म्हणाले, "बघाची काय रीत नाय का?"

हेतलनं पिशवीची चेन अर्धी लावून सोडली. "पक्की अशी नाही. पण नवं काहीतरी द्यायचं, कधीच न गायलेलं. एकदाच सांगायचं, शिकवायचं नाही. ते बरोबर जागी आलं तर म्हणता येईल की त्यांनी ऐकलं, ठेवलं आणि स्वतः काढलं. तेवढं चालू आहे म्हणजे आत कुणीतरी आहे, असं धरता येईल."

"नावं," कमळाकर म्हणाले.

दमयंतीच्या नातीचं, रियाचं लग्न सहा आठवड्यांवर आलं होतं. नवरा चिरनेरचा, कुंदन. हळदीच्या सकाळी दमयंती रीतीप्रमाणे बहिणीच्या हातात पान ठेवील आणि कानात नावं सांगेल, एकदा. गोदूबाईंनी ती नावं धवल्यात बरोबर घेतली तर त्या घरात राहतील आणि निकेश पुन्हा कधी हा विषय काढणार नाही. नाही घेतली तर लग्नानंतरच्या सोमवारी केंद्रात.

"एका गोष्टीवर असं सगळं नका ठेवू," हेतल म्हणाली. पण बापलेकांचं ठरलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं काही एकमतानं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळाकरांनी एक चूक केली. ती चूक होती हे त्यांना नंतर कळलं. तेव्हा त्यांना फक्त धीर हवा होता. समोरच्या इमारतीत नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं राहतं, हितेश आणि त्याची बायको. त्यांनी ती दोन नावं विड्याचं पान देऊन गोदूबाईंच्या कानात सांगितली, एकदा, आणि चाल धरली. गोदूबाई विठू आणि चंद्रावती गायल्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुसरी नावं सांगून पाहिलं. कुमार आणि रंजिता आले. पाच दिवस त्यांनी पाच जोडपी सांगितली, आणि पाचही दिवस जुनी माणसं आली.

सहाव्या दिवसापासून ते शिकवायला लागले.

वरच्या मजल्यावरचं मला सगळं ऐकू येतं. स्लॅब पातळ आहे. आधी त्यांचा बसका आवाज, "मांडवी बसला कुंदन नवरा गो", मग तिचा. तिच्या आवाजात विठू आला की गाणं मध्येच तुटायचं. ते कसं तुटतं ते मला तेव्हा कळत नव्हतं. पुन्हा त्यांचा आवाज, पुन्हा तिचा. कुंदन. रिया. कुंदन. तास-तासभर. हळदीच्या दिवसाआधी ही नावं जोडायची नाहीत, हा तिचा नियम ते तिच्याच तोंडून मोडत होते.

एकदा जिन्यात मी म्हटलं, "काका, काकींचं गाणं वाढलंय."

"खाली येतं ऐकू?"

"येतं."

ते दोन पायऱ्या उतरून थांबले. "पंखा जोरात लावत जा," म्हणाले.

ही फसवणूक आहे असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांचा हिशेब साधा होता. आत जी बसलीय तिला नावं पहिल्या दिवशीच कळली आहेत. जीभ तिचं ऐकत नाही, एवढंच. जीभ म्हणजे अंग. अंगाला वळण लावावं लागतं. मिठागरात नवीन माणसाच्या हाताला फावड्याचं वळण लावतात तेव्हा त्या माणसाला कुणी खोटं ठरवत नाही. आपण फक्त जिभेला वाट दाखवतो आहोत, नावं तिचीच आहेत. पाच आठवडे ते ह्यावर टिकले.

जासईला दमयंतीच्या दारात मांडव घातला होता. पलीकडच्या रस्त्यानं कंटेनरच्या गाड्या जात होत्या आणि हळदीच्या ताटांवर रुमाल झाकलेले होते. गोदूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून नवरीजवळ आणलं. ह्या परीक्षेची गोष्ट आता नात्यात सगळ्यांना ठाऊक झाली होती. बायका गोळा झाल्या, फोन वर झाले. निकेशही फोन धरून समोर उभा राहिला. कमळाकर मांडवाच्या मेढीला टेकून मागं राहिले.

दमयंतीनं बहिणीच्या डाव्या हातात पान ठेवलं, बोटं मिटवली, आणि कानाशी वाकली. एकदाच. मग तिनं चाल धरली.

खारीच्या बांधाव उगवला चांद गो
मांडवी बसला कुंदन नवरा गो
त्याचे उजवे हाती रिया नवरी गो

 मग बायका रडायला लागल्या. "माजी बाय आली," दमयंती म्हणाली आणि खालीच बसली. निकेशनं फोन कुणाच्या तरी हातात दिला, पुढं येऊन आईच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं आणि "आई, मी चुकलो" असं दोनदा म्हणाला.

"नाय," गोदूबाई म्हणाल्या.

त्यावर रडणारे सगळे हसले. असं वेळेवर आलेलं उत्तर दोन वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

मग दुसरा धवला आला, पितरांना मांडवात बोलवायचा. त्यात नवरीच्या बापाचं नाव येतं, मग आज्याचं, मग पणज्याचं. दमयंतीनं तीही नावं सांगितली होती. गोदूबाईंनी बापाच्या जागी कुंदन घेतलं. आज्याच्या जागी कुंदन घेतलं. तो आजा म्हणजे दमयंतीचा मेलेला नवरा; त्याला मांडवात बोलावताना त्या कुंदन म्हणाल्या, पणज्याला कुंदन म्हणाल्या. बाहेर बेंजो सुरू झाला होता, बायका एकमेकींना हळद लावत होत्या, निकेश अजून आईचा हात धरून होता. कुणी ऐकलं नाही. दमयंतीनं ऐकलं. तिनं मान वळवून मेढीपाशी उभ्या असलेल्या मेहुण्याकडे पाहिलं, आणि मग ती उठून पाहुण्यांचं बघायला गेली.

सोमवार आला आणि गेला. केंद्राचं नाव कुणी काढलं नाही.

आठ दिवसांनी कमळाकर माझ्याकडे आले. आमच्या घरात बसायला ते कधी आले नव्हते. मी चहा दिला, तो त्यांनी घेतला नाही; कप हातात धरून बसले.

"ती आता कुठं जात नाय," ते म्हणाले.

मला कळलं नाही.

"सकालची. विठू नाय, चंद्रावती नाय, कोनीच नाय. चाल धरली का कुंदन. काल मी तिला मांडव उरालेला ता सगला सांगितला, हातानी करून दाखवला. कुंदन. पस्तीस वर्सांची लग्नं व्हती तिच्यात. मी सगली पुसली."

मी म्हटलं, येतील परत, वेळ लागेल.

"आयक," ते म्हणाले. "आतली बाई येगली आनि जीभ येगली, असा मी समजत व्हतो. मी शिकवला ता जिभेला. मंग आतली नावं कशी गेली? आत कोन असती तर नावं तिच्यापाशी राहती ना. जिभेनं काय पन बोलू दे."

 मग त्यांनी गाणं मध्येच कसं तुटायचं ते सांगितलं. जुनं नाव ओठावर आलं की ते तिच्या तोंडावर तळहात ठेवायचे. नाव संपेपर्यंत. पहिल्या आठवड्यात हाताखाली ओठ हलत राहायचे, दुसऱ्यात कमी, मग थांबले.

"आत कोनी नवताच," ते म्हणाले, "नायतर व्हती, आनि मी पाच आठवडे तिचा तोंड दाबला. दोनातला कुटला पन धर."

चहावर साय धरली होती. त्यांनी कप तसाच टेबलावर ठेवला.

पुढच्या रविवारी हेतल आली. लग्नामुळे तिचे दोन आठवडे चुकले होते. निकेशनं सुट्टी घेतली होती, दमयंती लग्नातल्या बुंदीचा डबा घेऊन आली होती, आणि निकेशनं मलाही वर बोलावलं. तो ह्या दिवसांत सगळ्यांनाच बोलवायचा. त्याला आई परत मिळाली होती; तो कामावर जाण्याआधी तिच्याशी बोलून जायचा, पूर्वीनं पाठीला पट्टा बांधून तिची वेणी घालायला सुरुवात केली होती. त्यानं लग्नातलं चित्रण टीव्हीवर लावलं. दुसऱ्या धवल्याच्या आधी ते संपत होतं, कारण तेव्हा त्यानं फोन सोडला होता.

हेतलनं ते दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा नावांची जागा आली तेव्हा तिचे डोळे भरले.

"मी चुकले, काका," ती म्हणाली. "मला वाटलं नव्हतं. आता आपण वेगळं सुरू करू. गाण्यातूनच हो-नाही शिकवू, पाणी, भूक, दुखतंय. जर त्यांनी हे ठेवलं असेल तर खूप काही करता येईल." तिनं पिशवीतून फॉर्म काढला. "आमच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवणार आहे मी. फक्त एक लिहायला लागतं. ही नावं काकींना त्या सकाळच्या आधी घरी कधी ऐकवली होती का? एकदा तरी?"

"बाबांना विचारतेस?" निकेश हसला. "हळदीआधी नावं जोडायची नसतात. आमच्याकडे आईपेक्षा बाबाच नियमाचे पक्के."

दमयंती डब्याचं झाकण लावत होती. ते लागलेलं होतं तरी ती लावत राहिली. मी खाली फरशीकडे पाहिलं. हो म्हटलं तर सोमवार परत येणार होता. नाही म्हटलं तर ही मुलगी उद्यापासून गोदूबाईंना पाणी आणि भूक शिकवायला बसणार होती, महिने-महिने, आणि प्रत्येक जागी कुंदन येणार होता, आणि का येतो ते तिला कधी कळणार नव्हतं.

टीव्ही चालूच होता. त्यातली चाल ऐकून खुर्चीतल्या गोदूबाई गायला लागल्या. टीव्हीवरची आणि खुर्चीतली, दोघी एकाच वेळी त्या जागेपर्यंत आल्या आणि दोघींनी तेच नाव घेतलं. निकेशनं टाळी वाजवली. हेतलनं पेनचं टोपण काढलं आणि कमळाकरांकडे पाहिलं.

"काका?"

कमळाकर उठले. गोदूबाईंचा उजवा हात खुर्चीबाहेर लोंबत होता, तो त्यांनी उचलून मांडीवर ठेवला. दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या. निकेश "बाबा, कुठे?" म्हणाला. त्यांनी कडी काढली, दार उघडलं आणि ते निघून गेले.